पुन्हा लावा

१

घुम्या कामावर पोचला की आधी खिडकी उघडायचा, मग टर्नटेबलांवरची कापडं काढायचा, सुया ब्रशनं झाडायचा आणि दिवसभर कुणी येतंय का याची वाट बघत बसायचा. बहुतेक दिवस कुणी यायचं नाही.

घुम्या हे त्याचं खरं नाव नव्हे. लहानपणी पाहुण्यांसमोर तोंड उघडत नाही म्हणून आत्यानं ते ठेवलं होतं. त्यानं कॉलेज अर्ध्यावर सोडलं तेव्हापासून तर ते सगळ्या नातेवाइकांच्या तोंडी फारच शोभायला लागलं. पोरगं घुमं का झालं हे कुणी विचारलं नाही. नाव ठेवलं की विचारायची गरज उरत नाही, ही मोठ्या माणसांची जुनी सोय आहे.

नोकरी मामानं लावून दिली होती. मामा म्हणजे आईचा भाऊ, आणि या संगीत वाचनालयाचा प्रमुख. आई गेल्यावर त्यानं भाच्यासाठी केलेलं हे एकमेव काम, आणि ते तो येईल त्याला चहाबरोबर ऐकवायचा.

वाचनालय म्हणायचं, पण वाचण्यासारखं तिथे काही नव्हतं. एक लांब बोळ, बोळाच्या कडेनं ऐकायच्या लहान लहान खोल्या आणि टोकाला यंत्रांची खोली. ऐकायला येणाऱ्यानं घुम्याच्या खिडकीशी अल्बमचं नाव सांगायचं आणि एखाद्या खोलीत जाऊन बसायचं. खोलीत एक खुर्ची, एक टेबल, खुंटीवर हेडफोन आणि टेबलाच्या कडेला एक काळं बटण. घुम्या इथून रेकॉर्ड लावणार, आवाज तारेनं तिकडे जाणार. माणूस त्याला दिसत नसे. त्याच्यासमोरच्या फळीवर प्रत्येक खोलीचा एक दिवा होता. तिकडून बटण दाबलं की इकडे दिवा लागायचा. एकदा लागला तर बाजू उलटायची. दोनदा लागला तर पुन्हा लावायचं. दाबून धरला, दिवा लांब लागला, तर बंद करायचं. आवडलं नाही.

एवढीच भाषा होती, आणि घुम्याला ती पुरायची.

२

रेकॉर्ड ठेवायची पद्धत मात्र मामाच्या डोक्यातून निघालेली. जी कुणी ऐकली ती रांगेत सगळ्यात पुढे ठेवायची. म्हणजे न ऐकलेल्या आपोआप मागे मागे ढकलल्या जातात. वर्ष संपलं की शेवटचा कप्पा रिकामा करून रद्दीत. मामाला या पद्धतीचा भारी अभिमान.

“निवड आपण करतच नाही,” तो म्हणायचा. “काळ करतो.”

“काळ म्हणजे दुपारी पंख्याखाली झोपायला येणारे तुझे ते मित्र ना, मामा?”

“तू गप रे. पदवी घे आधी, मग शहाणपण शिकव.”

मामा संगीताचा रसिक म्हणून प्रसिद्ध होता. श्रेष्ठ अल्बम कोणते यावर त्यानं भाषणं दिली होती, लेख लिहिले होते. त्याच्या कानात यंत्र होतं आणि ते बहुतेक वेळा शर्टाच्या खिशात असायचं. खरखर होते म्हणे. ऐकू न येणारा माणूस सगळ्या गावानं काय ऐकावं ते ठरवत होता, आणि समोर बसलेले सगळे माना डोलवत होते. घुम्याला हसू यायचं बंद झालं होतं. आता नुसता राग यायचा.

शेवटच्या कप्प्यात त्याला तो अल्बम सापडला. ‘वाळत घातलेले कपडे’. कव्हरवर एक दोरी, दोरीवर टॉवेल, मागे भिंत. संपलं. कुण्या बाईनं आयुष्यात केलेला एकच अल्बम, आणि तिच्या नावाखाली आणखी काही लिहिण्याची तसदी कंपनीनं घेतली नव्हती. घुम्यानं धूळ पुसायला म्हणून लावला आणि जेवणाचा डबा उघडायचा राहून गेला.

ती बाई गात नव्हती. हातातलं काम उरकताना मधेच काही आठवावं आणि आपल्याशीच म्हणावं, तसं काहीतरी करत होती. कुणाला जिंकायचं नव्हतं तिला. सोबत एक गिटार, आणि कुणीतरी पेटीवर नुसता एक सूर धरून बसलेलं. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं अर्ध्यावर आलं की ती थांबायची. चुकली असं वाटावं इतकं थांबायची. श्वास ऐकू यायचा. एक खुर्ची करकरायची. आणि मग ती अशी उचलायची की माणसाला स्वतःचीच लाज वाटावी.

“हा फेकायचा नाही,” तो मामाला म्हणाला.

“कोणी ऐकलाय?”

“मी.”

“तू नोकर आहेस इथला, श्रोता नाहीस.”

“तू ऐकलायस का?”

“कव्हर बघितलं की कळतं मला.” मामानं कव्हर हातात घेतलं, लांब धरलं, परत दिलं. “कपडे! असल्या नावाचा अल्बम कुठे थोर असतो का?”

३

कव्हर उचलून गुपचूप पुढच्या कप्प्यात ठेवता आलं असतं. कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण न ऐकता वर चढवणं हे मामाचं काम, आणि मामाचं काम करायला घुम्याचा हात धजेना. हा त्याचा ताठा. याच ताठ्यानं त्याचं बरंच काही घालवलं होतं.

मग त्यानं मधला रस्ता काढला. अल्बम लावला आणि आवाज बोळाच्या टोकाच्या, कोपऱ्यातल्या खोलीत सोडला. खोली रिकामी. तिथे कुणी बसायचं नाही, कारण तिचं दार घासायचं. पण रेकॉर्ड खोलीत गेली, पूर्ण वाजली. नियम तेवढंच म्हणत होता. रोज दुपारी तो हेच करायचा. भिंतीला गाणं ऐकवायचा आणि कव्हर अभिमानानं रांगेत पुढे ठेवायचा.

एका दुपारी पहिली बाजू संपली. सुई मधोमध गेली, खरखर सुरू झाली. घुम्या डब्याचं झाकण लावत होता. फळीवर कोपऱ्यातल्या खोलीचा दिवा लागला. एकदा.

बाजू उलटा.

त्यानं उलटली. हाताला सवय होती. सुई टेकवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण काय केलं.

तो उठून बोळातून गेला. दार घासत उघडलं. खुर्ची, टेबल, खुंटीवर हेडफोन. त्यातून गाणं बारीक, मुंगीएवढं ऐकू येत होतं. कुणी नाही. टेबलाखाली बघितलं आणि स्वतःचाच राग आला. टेबलाखाली काय बघतोस, मूर्खा?

दुसऱ्या दिवशी वायरमन बोलावला. त्यानं फळी उघडली, खोलीतलं बटण उघडलं, तोंडात स्क्रू धरून बराच वेळ आत बघितलं.

“सगळं ठीक आहे.”

“मग दिवा कसा लागतो?”

“बटण दाबल्यावर लागतो.”

“दाबायला कुणी नसतं हो.”

“मग लागायचा नाही.” त्यानं स्क्रू परत बसवले. “लागला म्हणता ना? म्हणजे दाबलं असणार.”

४

भीती वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण त्याहून वेगळं काहीतरी वाटलं, ते कबूल करायला त्याला दोन-तीन दुपारी लागल्या. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं संपलं आणि दिवा दोनदा लागला. पुन्हा लावा. त्यानं सुई उचलून मागे ठेवली. पुन्हा दोनदा. त्याच गाण्याला. त्याला जे आवडायचं त्याच गाण्याला.

म्हणजे आपल्याला वेड लागलेलं नाही. ते गाणं खरंच चांगलं आहे.

तो शेवटचा कप्पा उपसायला लागला. कुणी न ऐकलेलं सगळं कोपऱ्यातल्या खोलीत पाठवायला लागला. एका म्हाताऱ्यानं नुसत्या बासरीवर वाजवलेल्या रेल्वेच्या आठवणी. दोन बहिणींचा अल्बम, ज्यात एकीचा आवाज दुसरीपेक्षा मुद्दाम मागे ठेवलेला. तिकडून दोनदा, दोनदा. मग गंमत म्हणून त्यानं मामाच्या यादीतला सर्वांत थोर अल्बम लावला, ज्यावर मामानं तासभर भाषण ठोकलं होतं. पहिल्याच गाण्यात दिवा लागला आणि लागूनच राहिला. बंद करा!

घुम्या हसला. मोठ्यानं. रिकाम्या खोलीत स्वतःचं हसणं ऐकून दचकला, तरी हसत राहिला. इतक्या दिवसांत त्याच्याशी कुणाचं पटलं नव्हतं.

बोळ पुसायला येणाऱ्या मावशींनी एकदा खिडकीत डोकं घातलं.

“काय रे घुम्या, कोपऱ्यात पोरंबाळं आणून बसवतोस काय?”

“कसली पोरं?”

“मग हे कुणी केलं? चल, दाखवते.” त्यांनी हेडफोन खुंटीवरून काढून त्याच्यासमोर धरला. वरची पट्टी दोन्हीकडून अगदी आत सरकवलेली. “शाळेतल्या पोरीच्या डोक्याएवढा केलाय. मी पुसताना मोठा करते, दुसऱ्या दिवशी बघावं तर परत बारका.”

“तुम्हीच पुसताना सरकवत असाल, मावशी.”

“हो ना. मला दुसरा धंदाच नाही!” त्यांनी पट्टी ओढून मोठी केली. पट्टीला खाचा होत्या, प्रत्येक खाचेला टक् असा आवाज व्हायचा. “आणि गरम असतो रे हा. कानाशी. आत्ता कुणीतरी उठून गेल्यासारखा.”

“उन्हानं होतो.”

“या खोलीला खिडकी कुठाय?” मावशी म्हणाल्या आणि बादली उचलून चालू लागल्या.

त्या जाईपर्यंत घुम्या उभा राहिला. मग त्यानं पट्टी दोन्हीकडून हळूच आत सरकवली, होती तेवढी. कुणाचीतरी सोय करून ठेवावी तशी.

५

यंत्रांच्या खोलीत एक माइक होता. श्रोत्याला “सुरू करतोय” एवढं सांगण्यापुरता. एका दुपारी एकही रेकॉर्ड लावलेली नसताना दिवा लागला. एकदा.

“काय हवंय?” घुम्यानं माइकमध्ये विचारलं. विचारताना कानशिलं तापली. “अजून काही लावलेलं नाही. मी नुसताच बसलोय.”

दिवा दोनदा लागला.

“म्हणजे काय?”

लांब दिवा. तो थांबला. मग हळूच म्हणाला, “अजून काही लावलेलं नाही. मी नुसताच बसलोय.”

दोनदा.

तर असं ते सुरू झालं. आपण काहीही बोललो तरी चालतं हे त्याला कळलं, आणि घुमं पोरगं बोलायला लागलं. कुणाला न सांगितलेलं सांगायला लागलं. आईच्या दवाखान्यातल्या चपला. भाड्याच्या खोलीतला नळ. शेवटी कॉलेजचा तो दिवस.

“सर शिकवत होते,” त्यानं सांगितलं. “वर्षानुवर्षं तेच शिकवायचे, पिवळे पडलेले कागद समोर ठेवून. त्यात एक विनोद होता. तो आम्हाला आधीच ठाऊक होता, वरच्या वर्गातल्या पोरांनी सांगितलेला. तो आला. सगळे हसले. मी उठलो आणि बाहेर गेलो. घरी गेलो तर बाबा पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होते. मी म्हटलं, सोडलं मी कॉलेज. त्यांनी माझ्याकडे बघितलं. इस्त्री उचललीच नाही. वास आला. मग धूर आला. मग ते म्हणाले, हा शर्ट तुझाच होता.”

तो थांबला. त्याच्या खुर्चीचा पाय करकरला.

दिवा दोनदा लागला.

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला म्हणत होतं, पुन्हा सांग.

त्यानं पुन्हा सांगितलं. दुसऱ्या दिवशीही सांगितलं. एकदा चुकून निळा शर्ट म्हणाला, तर दिवा लांब लागला. त्यानं पांढरा म्हटलं आणि दिवा विझला. मग तो चुकेनासा झाला. कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, सगळं बसलं. शेवटच्या वाक्यानंतर खुर्ची करकरायला हवी, तीही तो करकरवायचा.

६

बाबांचा फोन जेवणाच्या वेळी यायचा. जेवलास का, हो, बरं, एवढंच बोलणं. त्या दिवशी बाबा फोन ठेवेनात.

“माझ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय. साधंच आहे. पण सोबत कुणीतरी लागतं म्हणतात.”

“मामाला सांगितलंत?”

“तो म्हणाला भाषण आहे.” बाबा खाकरले. “तू येशील का? नसेल जमत तर राहू दे. शेजारचे आहेत.”

“येतो.” घुम्याला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. “संध्याकाळच्या बसनं येतो, आदल्या दिवशी.”

“बरं होईल.” मग बाबा गप्प. एवढी लांब शांतता दोघांमध्ये फोनवर कधी झाली नव्हती. ती भरायला घुम्याच्या तोंडून आपोआप निघालं, “सर शिकवत होते. वर्षानुवर्षं तेच शिकवायचे, पिवळे पडलेले कागद समोर ठेवून...” तो थांबवू शकला नाही. कागद, विनोद, इस्त्री, वास, धूर. “मग तुम्ही म्हणालात, हा शर्ट तुझाच होता.” आणि खुर्ची करकरली.

“तू हे पाठ केल्यासारखं काय म्हणतोयस?” बाबांचा आवाज बारीक झाला होता.

“तुम्ही म्हणालात ना तसं?”

“म्हणालो. पण एवढंच कुठे म्हणालो रे? मी म्हटलं, हा शर्ट तुझाच होता, आता माझा घाल. कपाटातला काढून तुझ्या हातात दिला की मी. तू घेतला नाहीस. दार आपटून गेलास.”

घुम्याला कपाटाच्या दाराचा आवाज आठवला. बाबांचा पुढे केलेला हात आठवला. त्या हातातला चुरगळलेला, त्याच्या अंगाला मोठा होणारा शर्ट आठवला. इतकी वर्षं तो राग उराशी धरून होता, आणि रागाला लागेल तेवढीच गोष्ट त्यानं ठेवली होती. बाकीची कापून टाकली होती. मामा कव्हर बघून ठरवतो तसं.

“बाबा,” तो म्हणाला.

“असू दे. ये तू. जेवायला थांबतो मी.”

७

त्या दुपारी कोपऱ्यातल्या खोलीचा दिवा लागला, तेव्हा त्यानं माइक जवळ ओढला. आज त्याला खरंच सांगायचं होतं. त्यानं सुरुवातीपासून सांगितलं आणि शेवटाला आल्यावर म्हणाला, “मग ते म्हणाले, हा शर्ट तुझाच होता. आता माझा घाल.”

लांब दिवा.

“नाही, खरं तेच आहे. मी विसरलो होतो.”

दिवा लागलेलाच.

“ते असंच म्हणाले होते. ऐका ना. कपाटातून शर्ट काढला आणि...”

दिवा विझेना. त्या पिवळ्या ठिपक्यासमोर घुम्या बसून राहिला. शेवटी खिडक्या लावायची वेळ झाली, त्यानं मुख्य स्विच बंद केला, तेव्हा कुठे तो गेला.

त्यानंतर दिवा लागलाच नाही. त्यानं ‘वाळत घातलेले कपडे’ लावला, दोन्ही बाजू. काही नाही. बासरी लावली, बहिणी लावल्या. मामाचा थोर अल्बम लावला, निदान बंद करा तरी म्हणेल. नाही. बाजू संपायची आणि सुई मधोमध खरखरत राहायची. वाचनालयात पूर्वीही कुणी यायचं नाही. पण आता कुणीतरी नव्हतं. या दोन गोष्टींत किती फरक आहे हे त्याला त्या दिवसांत समजलं.

मामा एकदा डोकावला. कव्हर पुढच्या कप्प्यात बघून त्यानं भुवई उडवली. “हे अजून इथेच? कोण ऐकतं हे?”

“आता कुणी नाही,” घुम्या म्हणाला.

“मी काय म्हणालो होतो?” मामा खूश होऊन गेला.

८

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी घुम्या बॅग घेऊनच कामावर आला. दुपार होऊन गेली. बसला वेळ होता, पण फार नव्हता. खिडकी लावायच्या आधी तो बोळातून कोपऱ्यातल्या खोलीपर्यंत गेला. का गेला हे सांगता येणार नाही. ज्याच्याशी भांडण झालं त्याच्या दारावरून माणूस उगाच जातो, तसा गेला.

दार घासत उघडलं. तो त्या खुर्चीवर कधीच बसला नव्हता. बसला. हेडफोन काढला. पट्टी मोठी होती, मावशींनी केलेली. त्यानं तो कानाला लावला.

यंत्रांच्या खोलीत काहीच सुरू नव्हतं. सगळी कापडं त्यानं स्वतः टाकली होती.

“...वर्षानुवर्षं तेच शिकवायचे, पिवळे पडलेले कागद समोर ठेवून.”

त्याचाच आवाज. कुणीतरी छान ध्वनिमुद्रण करावं तसा स्वच्छ, जवळचा. घुम्याला पहिल्यांदा वाटलं ते हे, की आपला आवाज चांगला आहे. ही लाजेची गोष्ट आहे, पण पहिल्यांदा हेच वाटलं. तो ऐकत राहिला. विनोद. इस्त्री. वास. धूर.

“मग ते म्हणाले, हा शर्ट तुझाच होता.”

शांतता. त्या शांततेत एक खुर्ची करकरली. ती यंत्रांच्या खोलीतली नव्हती. त्याच्या खालची होती, आणि तो हलला नव्हता.

टेबलाच्या कडेचं काळं बटण आत गेलं. वर आलं. परत आत गेलं. मधोमध त्याला झिजून खळगा पडला होता, अगदी लहान बोटाएवढा. बटण वर आलं तरी तो खळगा भरलेला दिसत होता.

आणि त्याच्या डोक्यावर पट्टी एक खाच आत सरकली. टक्.

मग दुसरीकडून. टक्.

त्यानं हेडफोन ओरबाडून काढला, फेकला, खांदा दारावर आपटून बोळात पडला. उठून पळाला. बॅग. फक्त बॅग घ्यायची आणि निघायचं. बाबा जेवायला थांबलेत. त्यानं बॅगेचा पट्टा पकडला आणि मान वर केली.

फळीवरचे सगळे दिवे लागले होते. एकट्या कोपऱ्यातल्या खोलीचा नव्हे. सगळ्या खोल्यांचे. ज्या खोल्यांची दारं त्यानं आत्ताच बोळातून येताना उघडी आणि आत रिकामी बघितली होती, त्या सगळ्यांचे. दोनदा लागत होते. थांबत होते. परत दोनदा. ओळीनं नव्हे, एकदम, टाळ्या पडाव्यात तसे.

घुम्या उभा राहिला. बॅग खांद्यावर होती. दार उघडं होतं. कुणीही त्याला धरलं नव्हतं, हे नीट लक्षात घ्यायला हवं.

तो बसला. माइक ओढला. एकदाच, आणि या वेळी खरी गोष्ट, शेवटपर्यंत, मग दिवे लांब लागले तर लागू देत, असं तो स्वतःला म्हणाला.

“सर शिकवत होते,” त्यानं सुरुवात केली. दिवे विझले. सगळ्या खोल्यांनी श्वास धरला. इतक्या लक्षपूर्वक त्याचं बोलणं जगात कुणी ऐकलं नव्हतं. बाबांनी नाही, मामानं नाही. आई असती तर तिनंही नाही. “मग ते म्हणाले, हा शर्ट तुझाच होता.”

पुढचे तीन शब्द तोंडात होते. जिभेवर होते. त्यानं दिव्यांकडे बघितलं. सगळे अंधारे, वाट बघणारे.

खिशातला फोन वाजला. बाबा. तो वाजत राहिला, त्या शांततेत, अगदी त्या जागी, आणि वाजून वाजून थांबला.

घुम्यानं खुर्ची करकरवली.

सगळे दिवे दोनदा लागले. त्याला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. त्यानं बॅग खाली ठेवली, घसा साफ केला आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं. कागद, विनोद, इस्त्री, वास, धूर. हा शर्ट तुझाच होता.

आणि बरोबर तिथे फोन वाजला.

त्यानं तो उचलला नाही. आता तिथे फोन वाजायलाच हवा होता. पुढच्या खेपेला म्हातारा तो वेळेवर करील की नाही, एवढीच त्याला काळजी होती.